शिवाशिव आणि सुई

मराठीत रोगाविषयी बोलताना आपण जी क्रियापदे वापरतो ती थोडी थांबून पाहण्यासारखी आहेत. रोग होतो, जडतो, लागतो, बाधतो. 'लागण' हा शब्द रोगाला जसा चालतो, तसाच उसाला आणि कांद्यालाही चालतो. 'साथ' तबल्याची असते, जोडीदाराची असते आणि पटकीचीही असते. 'संसर्ग' म्हणजे मुळात सहवास, संगत. ज्यांनी हे शब्द वापरात आणले त्यांना सूक्ष्मदर्शक ठाऊक नव्हता. पण आजार ही जवळिकीतून उद्भवणारी गोष्ट आहे, एवढे त्यांनी भाषेत नोंदवून ठेवले होते. 'रोगाशी लढाई', 'जंतूंचा हल्ला', 'शरीराची संरक्षक फळी' ही युद्धाची परिभाषा आज आपल्या तोंडी इतकी रुळली आहे, की तीदेखील एक प्रतिमाच आहे याचा आपल्याला विसर पडतो.

या विचाराला निमित्त घडले ते एका प्रतिशब्दाचे. सूक्ष्मजीवशास्त्र शिकविणाऱ्या एका स्नेह्यांनी 'सिक्रीशन सिस्टिम' या संज्ञेसाठी मराठी शब्द विचारला. 'स्राव-यंत्रणा' हा कोशातला शब्द होता, पण त्यांचे समाधान होईना. त्यांचे म्हणणे असे, की स्रवणे हे आपोआप होते. जखम स्रवते, खडकातून पाणी स्रवते. येथे मात्र जीवाणू आपल्याजवळची वस्तू हेतुपुरस्सर, मोजून, ठरावीक जागी आणि ठरावीक वेळी पोहोचवतो. (जीवाणूला 'हेतू' असतो का, हा प्रश्न त्यांनीच हसत बाजूला ठेवला.) शब्द अपुरा का पडतो हे समजून घेण्यासाठी ती यंत्रणाच समजून घेणे भाग होते. साहित्याच्या अभ्यासकाला जेवढे झेपते तेवढे मी समजून घेतले. ते येथे मांडतो आहे, याचे कारण त्यातून आपल्याच भाषेकडे आणि आपल्याच समाजाकडे पाहण्याची एक निराळी खिडकी उघडली.

जीवाणू हा एकपेशीय जीव. त्याच्याभोवती आवरण असते. पुष्कळ जीवाणूंना तर आत एक आणि बाहेर एक असे दुहेरी पटल असते. आत तयार झालेले प्रथिन या पटलांतून बाहेर काढणे सोपे नाही. त्यासाठी जीवाणूंनी निरनिराळ्या यंत्रणा घडविल्या आहेत, आणि शास्त्रज्ञांनी त्यांना पहिला प्रकार, दुसरा प्रकार असे क्रमांक दिले आहेत. पटकीचा जंतू आपले विष दुसऱ्या प्रकारच्या यंत्रणेने बाहेर सोडतो. हे विष जंतूंविना, नुसत्या गाळलेल्या द्रवातूनही ससाच्या आतड्यावर परिणाम करते, हे कोलकात्यात शंभुनाथ डे यांनी १९५९ साली दाखवून दिले होते. क्षयाच्या जंतूची यंत्रणा सातव्या प्रकारची. आपल्यापैकी बहुतेकांच्या दंडावर बीसीजीचा व्रण असतो. त्या लशीतला जंतू काल्मेत आणि गेराँ या फ्रेंच संशोधकांनी १९०८ ते १९२१ अशी तेरा वर्षे प्रयोगशाळेत पुनःपुन्हा वाढवून मवाळ केला. तो मवाळ का झाला, याचे एक मोठे कारण पुढे जनुकांच्या अभ्यासातून कळले : त्या तेरा वर्षांत त्याच्या सातव्या प्रकारच्या यंत्रणेचा एक महत्त्वाचा भागच गळून पडला होता. जंतू जिवंत राहिला, पण त्याचे 'देणे' खुंटले. आपल्या दंडावरचा व्रण ही एका मुक्या झालेल्या जंतूची खूण आहे, असे म्हणता येईल.

या सर्वांत विलक्षण यंत्रणा तिसऱ्या प्रकारची, आणि तिचे सर्वाधिक अभ्यासले गेलेले एक उदाहरण म्हणजे प्लेगच्या जंतूचे कुल. प्लेगचा जंतू आणि त्याचे जवळचे नातलग यांच्या अंगावर अक्षरशः सुया असतात. प्रत्येक सुई पोकळ. तिची लांबी सुमारे ६० नॅनोमीटर. केसाच्या जाडीत अशा हजारभर सुया एकापुढे एक मावतील. सुईचे बूड जीवाणूच्या दोन्ही पटलांत रुतलेले असते आणि तिची लांबी मोजून ठेवणारे एक प्रथिनही असते. हे प्रथिन फूटपट्टीसारखे काम करते, असे २००३ साली सिद्ध झाले. ज्या शेपटीने अनेक जीवाणू पाण्यात पोहतात तिची घडण आणि या सुईची घडण यांत जवळचे नाते आहे.

पिसवेच्या पोटात असताना, म्हणजे थंड परिसरात, प्लेगचा जंतू ही यंत्रणा उभारण्याच्या फंदात पडत नाही. माणसाच्या वा उंदराच्या अंगातली सदतीस अंशांची ऊब मिळाली की तो सुया उभारू लागतो. पण सुया उभारूनही तो त्यांतून काही सोडत नाही. तो थांबतो. जेव्हा सुईचे टोक एखाद्या पेशीला प्रत्यक्ष टेकते तेव्हाच पोकळीचे दार उघडते आणि आतली प्रथिने, घडी उलगडलेल्या दोऱ्यासारखी, सरळ त्या पेशीच्या आत ओवली जातात. आजूबाजूच्या द्रवात सांडलवंड जवळजवळ नाही. मराठीत 'शिवणे' म्हणजे सुईने टाके घालणे आणि 'शिवणे' म्हणजे स्पर्श करणे. या जंतूच्या बाबतीत दोन्ही अर्थ एकाच क्षणी घडतात. माझ्या स्नेह्यांना 'स्राव' हा शब्द का पटत नव्हता, ते येथे उमगले.

आत गेलेली प्रथिने काय करतात? साहित्याच्या विद्यार्थ्याने खरोखर थबकावे असा भाग येथे आहे. ही प्रथिने सहा-सातच आहेत आणि ती पेशी फोडून टाकणारी, जाळणारी विषे नव्हेत. ती पेशीच्या आतल्या भाषेत बोलतात. आपल्या पेशींचा अंतर्गत कारभार मोठ्या प्रमाणावर खुणांनी चालतो. एखाद्या प्रथिनावर फॉस्फेटचा एक लहानसा गट चिकटवला की त्याचा अर्थ 'कामाला लाग', काढला की 'थांब'. असा काहीसा तो व्यवहार. प्लेगच्या जंतूने आत धाडलेल्या प्रथिनांपैकी एक नेमके हेच करते : पेशीने स्वतःच्या प्रथिनांवर लावलेल्या या खुणा ते पुसते. १९९० साली अमेरिकन संशोधकांनी हे दाखविले तेव्हा आश्चर्य याचे वाटले, की खुणा पुसण्याची ही विशिष्ट कला प्राण्यांच्या पेशींची समजली जात होती. जंतूने ती यजमानाच्याच व्याकरणाप्रमाणे अवगत केली होती.

पेशव्यांच्या इतिहासातली 'ध'चा 'मा' केल्याची आख्यायिका मराठी माणसाला सांगावी लागत नाही. नारायणराव पेशव्याला 'धरावे' या आज्ञेतले एक अक्षर बदलले गेले आणि १७७३ साली त्याचा खून झाला, अशी ती कथा. इतिहासकार तिच्याबद्दल काय म्हणतात ते असो, प्रस्तुत जंतूची रीत त्या कथेतल्यासारखीच आहे. तो दरवाजा फोडत नाही, फौज आणत नाही. तो आज्ञापत्रातले एक अक्षर बदलतो. ज्या भक्षकपेशीने त्याला गिळायचे तिला 'गीळ' हा निरोपच पोहोचत नाही. दुसरे प्रथिन पेशीचा आतला सांगाडा ढिला पाडते. तिसरे धोक्याची घंटा वाजू देत नाही. उंदरांवरील प्रयोगांत २००५ साली असे दिसले, की प्लेगचा जंतू ही सुई सरसकट सगळ्या पेशींना टोचत बसत नाही, तर मुख्यतः रक्षणाचे काम करणाऱ्या पेशीच निवडतो. म्हणूनच प्लेगच्या आरंभी शरीरात एक प्रकारची शांतता असते. ही शांतता आरोग्याची नव्हे. ती दडपलेल्या निरोपांची असते. आणि जेव्हा ताप फणफणतो, गाठ येते, तेव्हा बराच उशीर झालेला असतो.

हे ज्ञान फार जुने नाही. सुई टेकल्यावरच प्रथिन पेशीत सोडले जाते, याचा स्पष्ट पुरावा प्लेगच्या जंतूच्या नातलगांवर काम करणाऱ्या स्वीडनमधल्या आणि बेल्जियममधल्या दोन गटांनी प्रसिद्ध केला तो १९९४ साली. हे वर्ष वाचले आणि मी पुस्तक मिटून ठेवले. कारण १९९४ हे वर्ष आमच्या भागातल्या माणसांना निराळ्या कारणासाठी आठवते.

त्या वर्षी पावसाळा सरता सरता बीड जिल्ह्यातल्या मामला गावी गाठीच्या प्लेगचे रुग्ण आढळले आणि सप्टेंबरात सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगची बातमी आली. काही दिवसांत लाखो माणसांनी सुरत सोडली. देशभर मिळून मृत्यू पन्नासच्या आसपास झाले. पण भीतीला आकडे लागत नाहीत. पेठ तालुका महाराष्ट्राच्या अगदी कडेला. नाशिकहून निघालेला रस्ता घाट उतरत पेठवरून धरमपूरकडे गुजरातेत जातो. येथली जमीन भात, नागली, वरईची. आवणी आणि कापणी झाली की हाताला काम उरत नाही. म्हणून कोकणा, महादेव कोळी, वारली कुटुंबे एकतर दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांकडे जातात, नाहीतर गुजरातेत. त्या सप्टेंबरात याच रस्त्याने माणसे परत येत होती. मी तेव्हा शाळेत होतो. नाकाला रुमाल बांधलेली माणसे, औषधाच्या दुकानांत संपलेल्या टेट्रासायक्लिनच्या गोळ्या आणि एका पाड्यावर सुरतेहून परतलेले एक कुटुंब, एवढे मला स्वच्छ आठवते. त्या कुटुंबाला शेतातल्या झोपडीत राहायला सांगितले गेले. ते एक वेळ समजण्यासारखे होते. पण त्यांना पाणी देताना ते वरून, हात लांब ठेवून ओंजळीत ओतले जात होते. ती पाणी ओतण्याची पद्धत कोणाला शिकवावी लागली नाही. ती आपल्याकडे आधीपासूनच होती; प्लेगने फक्त तिला नवे कारण पुरविले. त्या कुटुंबातल्या कोणालाही पुढे काही झाले नाही. त्यांच्याकडे पाहण्याची नजर मात्र बरेच दिवस तशीच राहिली.

याच्या आधी सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव वर्षांपूर्वी हेच नाटक मोठ्या रंगमंचावर होऊन गेले होते. सप्टेंबर १८९६मध्ये मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. 'ग्रंथिक सन्निपात' असा भारदस्त शब्द तेव्हा मराठी वृत्तपत्रांत वापरला जाई. जंतू सापडलेला होता. १८९४ साली हाँगकाँगमध्ये यर्सॅं यांनी तो शोधला होता. पण तो माणसापर्यंत येतो कसा, हे कळलेले नव्हते. त्यामुळे संशयाला जागा उरली ती एकच : माणसाचे शरीर. फेब्रुवारी १८९७मध्ये साथरोगांचा कायदा झाला. पुण्यात रँडच्या अधिकाराखाली गोरे शिपाई घरांत शिरले; काखा-जांघा तपासल्या गेल्या, स्त्रियांचीही गय झाली नाही, माणसे विलगीकरणाच्या छावण्यांत नेली गेली. २२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंनी गणेशखिंडीत रँडवर गोळी झाडली. या घटनेचा राजकीय अर्थ आपण शाळेपासून शिकतो. तिचा दुसराही एक अर्थ आहे : न मागितलेल्या, अपमानकारक स्पर्शाविरुद्धचा तो उद्रेक होता.

त्याच पुण्यात, त्याच महिन्यांत, एक निराळा स्पर्शही होता. सावित्रीबाई फुले यांचे दत्तक पुत्र डॉ. यशवंत यांनी गावाबाहेर प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना उघडला होता. मुंढव्याच्या गावकुसाबाहेरच्या वस्तीतल्या एका आजारी मुलाला सावित्रीबाईंनी पाठीवर घेऊन तेथे आणले, असे त्यांच्या चरित्रांत नोंदलेले आहे. १० मार्च १८९७ रोजी प्लेगनेच त्यांचा मृत्यू झाला. ज्या समाजाने त्या मुलाला एरवीही शिवून घेतले नसते, त्या समाजात एका साठी उलटलेल्या बाईने त्याला साथीच्या ऐन भरात पाठीशी घेतले. 'साथ' या शब्दाचे दोन्ही अर्थ इतक्या जवळ आलेले मला दुसरीकडे आढळत नाहीत.

आमच्या नाशिक जिल्ह्यालाही या साथीने सोडले नाही. १८९९ साली भगूर येथे सावरकर बंधूंचे वडील दामोदरपंत प्लेगने गेले. १८९६ नंतरच्या दोन-तीन दशकांत भारतात एक कोटीहून अधिक माणसे या रोगाने मेली. आणि एवढ्यात १८९८ साली कराचीत पॉल-लुई सिमाँ यांनी पिसवेचा संबंध दाखविला होता. तो मान्य व्हायला आणखी काही वर्षे गेली; १९०५ नंतर मुंबईत झालेल्या प्रयोगांनी शंका फिटली. गाठीचा प्लेग उंदराकडून पिसवेमार्फत माणसाकडे येतो. रुग्णाला हात लावल्याने तो सहसा येत नाही. फुप्फुसाच्या प्लेगची गोष्ट वेगळी. तो खोकल्याच्या तुषारांतून, अगदी जवळ असलेल्यास होऊ शकतो. तेव्हा १९९४ साली अंतर राखणे ही निव्वळ अंधश्रद्धा होती, असे मी म्हणणार नाही. माझा मुद्दा त्याहून बारीक आहे. अंतर राखणे ही रोगाविषयीची कृती. पाणी वरून ओतणे ही माणसाविषयीची. पहिलीला मुदत असते. दुसरीला नसते.

सूझन सोन्टाग यांनी १९७८ साली 'इलनेस ॲज मेटाफर' हे पुस्तक लिहिले ते कर्करोग आणि क्षय यांच्याभोवती साचलेल्या प्रतिमांविषयी. रोगाकडे प्रतिमांच्या पडद्याआडून न पाहता रोग म्हणूनच पाहावे, असा त्यांचा आग्रह होता. मराठीच्या वर्गात हे पुस्तक सांगताना मला नेहमी एक अडचण येते. प्रतिमेवाचून बोलायचे कसे? वर मीच 'सुई', 'निरोप', ''ध'चा 'मा'' असे शब्द वापरले. शास्त्रज्ञही या यंत्रणेला इंजेक्शनच्या सुईवरून नाव देतात. प्रतिमा टाळता येत नाही. निवडता मात्र येते. आणि निवडीला परिणाम असतात. युद्धाची प्रतिमा घेतली की शत्रू लागतो. खरा शत्रू डोळ्यांना दिसत नसल्यामुळे दिसणाऱ्याला शत्रू केले जाते : १८९७ साली गल्लीत राहणाऱ्याला, १९९४ साली सुरतेहून आलेल्याला. २०२० साली मुंबई-आग्रा रस्त्याने पोराबाळांसह चालत निघालेल्या मजुरांना. करोना हा विषाणू. त्याला अशी सुई वा यंत्रणा नसते. पण आपली भाषा तीच होती, आणि १८९७चा कायदाही तोच होता. 'सोशल डिस्टन्सिंग'चे 'सामाजिक अंतर' असे भाषांतर त्या वेळी सर्रास झाले. ज्या समाजाने शतकानुशतके सामाजिक अंतर पाळण्याखेरीज दुसरे काही केले नाही, त्याला हा सल्ला किती सहज कळला असेल! पुढे काहींनी 'शारीरिक अंतर', 'सुरक्षित अंतर' असे म्हणायला सुरुवात केली. दुरुस्ती लहान होती, पण ती भाषेच्या अभ्यासकांनी अधिक मोठ्याने करायला हवी होती.

त्या उलट निरोपाची, बदललेल्या अक्षराची प्रतिमा घेतली की प्रश्न निराळे पडतात. कोणत्या टोकाने कोणाला स्पर्श केला? कोणता निरोप पुसला गेला? तो पुन्हा लिहिता येईल का? संशोधनही आता या दिशेने चालू आहे. टेट्रासायक्लिनसारखी औषधे जंतूलाच निकामी करतात आणि प्लेगवर ती वेळेत दिल्यास आजही उपयोगी पडतात. पण जंतूला न मारता केवळ त्याची सुई बंद पाडणारे द्रव्य मिळेल का, याचाही शोध घेतला जात आहे. सुईच्या टोकाशी असणारे प्रथिन शरीराला आधीच ओळखीचे करून देणाऱ्या लशींवर काम झाले आहे. तेरा वर्षांच्या सवयीने क्षयाच्या जंतूचे जे झाले तेच जाणूनबुजून करता येईल का, असा काहीसा हा प्रयत्न. त्याला लढाई म्हणण्यापेक्षा पाठशुद्धी म्हणावे, असे मला वाटते. हस्तलिखितातला प्रक्षेप ओळखून मूळ संहिता सिद्ध करणाऱ्या संपादकाला हे काम परके वाटू नये.

आमच्या महाविद्यालयात येणारी बरीच मुले-मुली अशा घरांतली आहेत ज्यांचे आईवडील दिवाळीनंतर तालुका सोडून जातात आणि पावसाच्या तोंडाशी परततात. परगावी कोणताही ताप आला की तो 'ह्यांनीच आणला' असे ऐकून घेण्याची त्यांना सवय आहे. साथीच्या वाङ्मयावर बोलताना मी त्यांना अनंतमूर्तींची 'संस्कार' वाचायला सांगतो. प्लेगने मेलेल्या एका माणसाच्या देहाला कोणी शिवायचे, या प्रश्नापाशी सगळे अग्रहार कसे अडते ते त्या कादंबरीत आहे. यंदा त्या जोडीला मी प्लेगच्या सुईचे चित्रही फळ्यावर काढले. मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, "सर, म्हणजे जंतू फक्त पेशीला शिवतो. मग माणूस माणसाला शिवला तर त्यात जंतूचा काय संबंध?" मी तिला पिसवा, तुषार, उंदीर यांविषयी सांगितले, कधी संबंध असतो आणि कधी नसतो तेही सांगितले. तिने ते वहीत दोन रकाने करून लिहून घेतले : एका रकान्यात रोग, दुसऱ्यात माणूस. स्नेह्यांना हवा असलेला प्रतिशब्द मला अजून सापडलेला नाही. हे दोन रकाने मात्र आपल्या भाषेत ठळकपणे आखले जावेत, एवढी निकड मला त्या वहीकडे पाहून वाटली.